हरीण ओढायचा पट्टा

नाकातले केस गोठतात हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. होक्काइदोला निघाले तेव्हा पुण्यातल्या समस्त नातेवाइकांनी सल्ले दिले होते. मोजे दोन घाल, कान झाक, छातीला बाम चोळ. आईने तर कानटोपी विणून दिली, तीही राणी रंगाची. पण पहिल्या हिवाळ्यात एका सकाळी दार उघडून श्वास घेतला आणि नाकात काहीतरी कुरकुरलं. श्वास आत, केस ताठ. श्वास बाहेर, केस मऊ. मला इतकी गंमत वाटली की मी दारातच उभी राहून तेच करत बसले. शेजारच्या काकू अंगणातला बर्फ लोटत होत्या. त्या फावडं टेकवून माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनीही एकदा जोरात श्वास घेऊन बघितला.

तोंडाने मी त्यांना आडनावापुढे सान लावून हाक मारायचे, पण मनात त्या पहिल्या दिवसापासून काकूच. सत्तरीला टेकलेल्या, माझ्याएवढ्याच उंचीच्या, बोलायला तुटक. मी तिथल्या विद्यापीठात दोन वर्षांच्या पोस्टडॉकवर होते आणि माझं काम म्हणजे हिवाळ्यात हरणं काय खातात ते शोधायचं. त्यासाठी शिकार झालेल्या हरणाचं पोट उघडून आतला रवंथ बाटलीत भरायचा. नवरा तेव्हाही इथे टोक्योत, फुनाबोरीला, सॉफ्टवेअरच्या नोकरीत होता. त्याला ऑफिसात कुणी विचारलं की तो सांगायचा, "बायको उत्तरेला हरणांची पोटं फाडते." पुढे कुणी काही विचारत नसे.

काकू आणि त्यांचे यजमान दोघंही शिकारी. त्यात नेमबाज काकू. यजमान उंच, धिप्पाड, आणि त्यांचं काम हरीण ओढून खाली रस्त्यापर्यंत आणायचं. मी राहायला गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मी जेमतेम वर्षभर ओळखत होते त्यांना. कुंपणावरून मला मुळे द्यायचे, प्रत्येक मुळा माझ्या दंडाएवढा.

त्या वर्षी शिकारीचा मोसम सुरू झाला तेव्हा यजमानांचे जुने साथीदार काकूंकडे आले. म्हणाले, "तुम्ही आमच्याबरोबर या की. डोंगराखाली शेकोटीपाशी बसा, सूप करा, मांसातला वाटा देऊ." काकूंनी त्यांना चहा दिला, वाकून निरोप दिला आणि दार लावून घेतलं. मग माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी बंदूक चालवते आणि हे मला सूप करायला सांगतायत." एवढं लांबलचक वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांच्यापुढचा प्रश्न सरळ होता. बंदुकीचा परवाना मे महिन्यात, त्यांच्या वाढदिवसाला संपणार होता. एक तर नवा करून घ्यायचा, नाही तर बंदूक पोलिसांकडे देऊन मोकळं व्हायचं. त्यांच्या पोराचं म्हणणं होतं, देऊन टाक. काकूंनी स्वतःच एक परीक्षा ठरवली. या हिवाळ्यात एक हरीण एकटीने मारायचं आणि एकटीनेच रस्त्यापर्यंत ओढून आणायचं. जमलं तर बंदूक राहील, नाही जमलं तर जाईल. मारलेलं जनावर बर्फात टाकून येणं तिथे कायद्यात बसत नाही, आणि काकूंच्या स्वभावात तर नाहीच नाही. "जे आणता येणार नाही ते मारायचं नाही," म्हणाल्या.

"मी येते," मी म्हटलं.

"ये. मी पडले तर कुणाला तरी फोन करशील. पोट तुझं. पण दोरीला हात लावायचा नाही."

मी कबूल केलं. मला खरं तर सगळंच बघायचं होतं. आजवर हरीण माझ्यापर्यंत यायचं ते पिशवीत.

पहिल्या खेपेला निघण्याआधी काकूंनी मला त्यांच्या ओट्यावर उभं करून तपासलं. आतलं थर्मल बघायला मागितलं. मी पुण्याहून आणलेलं, शंभर टक्के सुती, मोठ्या अभिमानाने दाखवलं. त्यांनी चिमटीत धरलं आणि म्हणाल्या, "यात घाम आला की तू भिजलेल्या फडक्यात उभी." बुटात मी कायरो घातले होते. म्हणजे फोडलं की गरम होणाऱ्या त्या पुड्या. त्यावर त्यांनी मान हलवली. त्या पुडीला गरम व्हायला हवा लागते, आणि घट्ट बुटात हवा कुठली? थोड्या वेळात ती पुडी मेलेली आणि पायाचं रक्त दाबून धरणारी. मी शास्त्रात डॉक्टरेट केलेली बाई, पुडीवर छापलेलं सगळं वाचूनही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. काकूंना तरी कुठे आधीपासून ठाऊक होतं? त्यांच्या यजमानांनी तसंच करून एका अंगठ्याचं नख घालवलं होतं, त्यातून आलेलं ते शहाणपण. कायरो ठेवायचा पोटावर, लोकरी कपड्याच्या बाहेर. बूट एक माप मोठा, आत सुटं नमद्याचं अस्तर, रात्री ते काढून वाळवायचं. हातमोजे दोन, आतला पातळ, बाहेरचा जाड आणि दोऱ्याने गळ्यात अडकवलेला, आमच्याकडे तान्ह्या पोरांना घालतात तसा. मी हसले. डोंगरात तासभर काढल्यावर हसू गेलं, कारण मोजा खाली पडला तर त्यात बर्फ जातो आणि मग तो मोजा राहत नाही.

पहिली खेप माझ्यामुळे फुकट गेली.

आम्ही कान्जिकी बांधून, म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधतात त्या रुंद चौकटी, सकाळभर चढत होतो. काकूंच्या खांद्याला बंदूक, दोघींच्या अंगावर सगळ्यांत वरून बिनबाह्यांची भगवी जाकिटं, माझ्या डोक्यावर त्यांनीच दिलेली भगवी टोपी. (राणी रंगाची कानटोपी त्यांनी बघितली आणि काही न बोलता कपाटावर ठेवली.) एल्मच्या झाडांची साल माणसाच्या छातीएवढ्या उंचीपर्यंत सोललेली होती. मी तिथेच थांबून दातांच्या खुणा बघायला लागले. वरून खाली ओढलंय की खालून वर? काकू हाताने खूण करत होत्या, चल, चल. आणि मग उतारावर हरणं दिसली. पाच-सहा माद्या, बर्फ उकरून खालची बांबूची पानं खात होत्या. काकू गुडघ्यावर बसल्या. मी श्वास धरला.

इतक्यात तोंडावरचा वारा फिरला आणि मानेवर आला. एका मादीने डोकं वर केलं, थेट माझ्याकडे बघितलं आणि शिट्टी मारली. खरंच, शिट्टीच. ढुंगणावरचे पांढरे केस फुलवून सगळ्याजणी पसार.

काकू उठल्या. माझ्याजवळ आल्या, माझ्या जॅकेटच्या बाहीला नाक लावलं आणि म्हणाल्या, "करी."

"करी नाही हो!" मी भडकलेच. "फोडणी आहे ती. मोहरी आणि हिंग."

माझं घर एका खोलीचं. स्वयंपाकाच्या ओट्यापासून हात लांब केला की दाराच्या खुंटीवरचं जॅकेट. दीड हिवाळा ते जॅकेट रोज संध्याकाळी फोडणी खात होतं. त्यात पिसं भरलेली, म्हणजे वास धरून ठेवायला एकदम फर्स्टक्लास. मला स्वतःला कधी जाणवलंही नव्हतं. घरचा वास आपल्याला येतो थोडाच!

"तुम्हाला गाडीत नाही आला वास?"

"आला."

"मग सांगायचं ना!"

"कसं सांगायचं, म्हणून गप्प बसले."

कप्पाळ माझं! बंदूक राहणार की जाणार हे ज्या दिवसावर ठरणार, तो दिवस बाईंनी संकोचापायी घालवला आणि मी आमटीपायी. परत येताना गाडीत काकूंनी विचारलं, "हिंग म्हणजे काय?" घरी आल्यावर मी त्यांना डबी उघडून दिली. त्यांनी मन लावून वास घेतला, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या म्हणाल्या, "हे तुम्ही खाता?" पण परत एकदा घेतला.

दुसऱ्या दिवसापासून माझे बाहेरचे सगळे कपडे त्यांच्या वळचणीच्या काठीवर लटकले. पॅन्ट अशी गोठली की काठीवरून काढून अंगणात उभी केली तर उभी राहिली. जॅकेट मात्र कायमचं बाद. नायलॉनला हात लावला की खसखस वाजतं, तेही हरणाला ऐकू जातं म्हणे. त्याऐवजी काकूंनी मला स्वतःचा जुना लोकरी कोट दिला. चालताना आवाज शून्य. मला त्याचं इतकं नवल वाटलं की मी खोलीत हात वर-खाली करून ऐकत बसले.

दुसऱ्या खेपेची सकाळ लख्ख होती, वारा नाही. संक्रांत नुकतीच झाली होती, म्हणून मी गुळाच्या पोळ्या करून नेल्या होत्या. फोडणीचा प्रश्नच नव्हता, आणि तव्यापासून कोट लांब होता. काकूंच्या पाठीमागे एक लांबट प्लॅस्टिकची घसरगाडी दोरीने सरपटत होती आणि खांद्यावर एक रुंद, काळा पट्टा गुंडाळलेला होता. तो मी आधी बघितला नव्हता. विचारल्यावर त्यांनी उलगडून दाखवला. जुन्या गाडीच्या सीटबेल्टचा, एक फेरा खांद्यावरून छातीवर, एक कमरेभोवती, मागे दोरी अडकवायला लोखंडी कडी. यजमानांनी स्वतः शिवलेला. काकूंनी तो अंगावर चढवला तर कमरेचा फेरा मांडीवर आला.

"मोठा होतोय. कापून आखूड करा की," मी म्हटलं.

"नको. त्यांना आखूड होईल."

त्या हे इतक्या सहज बोलल्या की मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या पुढे निघाल्या होत्या.

हरीण मिळालं ते दुपारच्या आत. एक मादी, एकटी, झाडांच्या कडेला. काकूंनी बाहेरचा मोजा सोडला, तो गळ्यात लोंबला. पातळ मोज्यातलं बोट घोड्यावर. मला वाटलं होतं आवाज खूप मोठा येईल, पण बर्फाने तो गिळून टाकला. मादी दोन पावलं चालली आणि बसल्यासारखी खाली गेली. काकू तिच्यापाशी गेल्या, बंदूक रिकामी केली, हात जोडले. मीही जोडले. मग कोटाच्या बाह्या वर सारून कामाला लागलो. पोट मी उघडलं. त्या थंडीत आतून अशी वाफ आली की माझा चष्मा पांढरा झाला. हाताला गरम लागत होतं, आणि खरं सांगते, त्या दिवसभरात माझी बोटं पहिल्यांदा ऊबदार झाली ती तेव्हा. रवंथात बांबूची पानं आणि सालीचे लांब दोरे. खालून वर ओढलेली साल, दोऱ्यांवरून कळत होतं! मी काकूंना दाखवलं. त्यांनीही वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "उपाशी होती."

आता खरी परीक्षा. काकूंनी हरीण घसरगाडीवर बांधलं, पट्टा चढवला, कमरेपाशी एक मोठी गाठ मारून तो कसाबसा आवळला आणि निघाल्या. सपाटीवर ठीक चाललं. उतारावर तर गाडीच त्यांना ढकलायला लागली. मी मागून, हात खिशात घालून. खिशात ठेवले नसते तर ते दोरीकडे गेलेच असते.

रस्त्याच्या अलीकडे एक ओढा होता. गोठलेला. उतरायला सोपा, पण पलीकडचा काठ चढायचा. काकू चढल्या, दोरी ताणली, घसरगाडी अर्ध्यावर आली आणि परत खाली. पुन्हा. पट्टा सरकून मांडीवर, गाठ पोटात रुतलेली. पुन्हा. एकदा त्या गाडीबरोबर स्वतःही घसरत खाली आल्या. मी ओरडले. त्यांनी हात वर केला, थांब. सूर्य झाडांत शिरायला लागला होता.

मग त्यांनी पट्टा काढला. बर्फात बसल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "संपलं. मे महिन्यात देऊन टाकते."

आम्हाला काही सुचलं नाही की आम्ही खायला देतो. मी कोटाच्या आत पोटाशी ठेवलेली गुळाची पोळी काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांची ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, केव्हाच दगड झाली होती. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, चावला, थांबल्या, पोळीकडे बघितलं.

"मऊ आहे."

"गूळ आहे आत. आणि तीळ."

त्या हळूहळू खात राहिल्या. त्यांच्या गालावरून पाणी येत होतं आणि तिथेच पांढरं होत होतं. मला भयंकर वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मला राग येतो, हा माझा जुना स्वभाव. कुणाचा राग ते कळेना, म्हणून मी ओढ्याकडे बोट केलं आणि विचारलं, "इथून तुमचे यजमान हरीण कसं चढवायचे?"

"पट्टा लावून. ओढून."

"एकटे?"

"एकटेच ओढायचे."

"आणि तुम्ही काय करायचात? काठावर उभ्या?"

"मी खालून ढकलायची," त्या म्हणाल्या, अशा आवाजात की त्यात विचारायचं काय.

"अहो, मग!" मी जवळजवळ किंचाळले. "मग एकट्याने कधी केलंच नाहीये ना हे कुणी! ते एवढे धिप्पाड, त्यांना सुद्धा मागून ढकलायला माणूस लागायचं. चाळीस वर्षं दोघं मिळून जे काम केलं ते तुम्ही आज एकटीने करायला निघालात, आणि जमलं नाही म्हणून बंदूक देऊन टाकणार? ही कसली परीक्षा? काढलीच चुकीची!"

माझं जपानी रागात मोडकं होतं. काय काय बोलले देव जाणे. काकू पोळी हातात धरून माझ्याकडे बघत होत्या, पहिल्या हिवाळ्यातल्या त्या सकाळी नाकातल्या केसांसाठी बघत होत्या तशा. मग त्यांनी उरलेली पोळी तोंडात टाकली, उठल्या आणि पट्टा उचलून माझ्या गळ्यात घातला. मला तो त्यांच्यापेक्षाही सैल झाला, कारण गाठ सुटली होती. त्यांनी माझ्या कमरेपाशी तो आवळला, पुन्हा गाठ मारली, ती दोनदा ओढून बघितली. "गुडघे वाकव. खांद्याने ओढायचं नाही, कमरेने." आणि त्या खाली गेल्या, घसरगाडीच्या मागे.

ओढलं. म्हणजे नुसतं ओढलं असं लिहिणं सोपं आहे. कंबर, मांड्या, दात, सगळं लागलं. मागून काकू लयीत काहीतरी म्हणत होत्या, त्या लयीवर मी पाऊल टाकत होते. गाडी अर्ध्यावर आली आणि मला कळलं की आता ती सरकणार. पण सरकली नाही. मागे माणूस होतं. वर पोचलो तेव्हा मी तोंडावर आडवी आणि काकू हरणावर ओणव्या, आणि दोघी खदाखदा हसत होतो. उजेड होता अजून. रस्ता समोर दिसत होता.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "मग मे महिन्यात?"

त्यांनी हीटर लावला. "तू मार्चमध्ये टोक्योला जाणार," म्हणाल्या. हे खरंच होतं. माझी दोन वर्षं संपत होती, पुढची नोकरी इकडे टोक्योला लागून असलेल्या चिबाला मिळाली होती. मी "पण" म्हटलं. त्यांनी पट्टा मागच्या सीटवर नीट गुंडाळून ठेवला. गाठ मात्र सोडली नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं, पण गोठल्यामुळे सुटत नसेल असं वाटलं.

मार्चमध्ये मी फुनाबोरीला आले. कोट काकूंनी मलाच दिला. तो इथल्या कपाटात अर्धा कप्पा अडवतो म्हणून नवरा कुरकुर करतो. टोक्योच्या थंडीत तो घातला तर माणूस वाफवून निघेल. रोज गाडी पकडायची, कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातून कॉफी घ्यायची, कचरा वारानुसार वेगळा करायचा, या सगळ्यात एप्रिल गेला. मे उजाडला. फोन करायचा धीर होईना. बंदूक दिली असेल तर काय बोलणार होते मी?

वाढदिवस होऊन आठवडा गेला असेल. रविवारी सकाळी कुरियरवाल्याने एक बिस्किटाचा जुना डबा आणून दिला, वर काकूंचा पत्ता. नवरा उघडायला लागला. वर सुकवलेल्या मुळ्याची पिशवी, खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"हे काय गं? गाडीचा सीटबेल्ट?"

मी तो त्याच्या हातातून घेतला. चिठ्ठी वगैरे काही नव्हती. जिथे त्या दिवशी माझ्या कमरेपाशी गाठ मारली होती तिथे पट्ट्यावर अजून सुरकुती होती, आणि तिच्याच पुढे तो कापलेला होता. कापलेलं टोक आगीवर धरून बंद केलेलं, दुमडलेलं, जाड दोऱ्याने चौकोनात शिवलेलं. खांद्याचा फेराही आखूड केला होता. लोखंडी कडी घासून चकचकीत केली होती.

मी तिथेच, घरच्या गाऊनवर, तो अंगावर चढवला आणि फोन लावला. काकूंनी उचलला. "हो" म्हणाल्या. मला रडू फुटलं होतं आणि ते त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन लांब धरला होता.

मग त्याच म्हणाल्या, "परवाना झाला नवा. सैल नाही ना होत आता?"

"नाही," मी म्हटलं. "बरोब्बर बसतोय."